केबलवाल्याला माझी गाणी कशी कळली?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बेस्टमधून निवृत्त झालेला कंडक्टर. लालबागला आमच्या चाळीचा टॉवर झाला, आता सतराव्या मजल्यावर राहतो. आयुष्यभर नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं ऐकत आलो. नातवाने लॅपटॉपवर टोरंट शिकवलं आणि गेल्या महिन्यात जुन्या मराठी गाण्यांचा ४० जीबीचा संग्रह उतरवून घेतला. पंधरा दिवसांपूर्वी इंटरनेट कंपनीची इंग्रजी मेल आली. आपल्या कनेक्शनवरून कॉपीराइट असलेलं संगीत वाटलं गेल्याची तक्रार आहे, पुन्हा झालं तर सेवा बंद होऊ शकते, असं मुलाने वाचून सांगितलं. कनेक्शन माझ्या नावावर, आधार कार्ड माझं. ३४ वर्षांत एक मेमो घेतला नाही आणि आता हे! केबलवाला आमचं सगळं बघत बसतो का? सून त्या दिवसापासून मोबाईलवर दुखण्याखुपण्याचं काही शोधायलाही बिचकते. मुलगा म्हणतो, व्हीपीएन घ्या. शेजारच्यांचा बारावीतला मुलगाही आमचंच वायफाय वापरतो. त्याने काय काय बघितलं ते राउटरमध्ये बघता येईल का? पोलीस घरी येतील का?

— एक गानवेडा, लालबाग

उत्तर

काका, नमस्कार.

पोलिसांचं आधी सांगते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. अशा मेलच्या मागोमाग पोलीस दारात उभे राहत नाहीत. ती कंपनीने पुढे ढकललेली तक्रार आहे. समन्स नाही की गुन्ह्याची नोंद नाही. माझी सहा वर्षं एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात गेली. असल्या तक्रारी ढिगाने यायच्या आणि आम्ही त्या जशाच्या तशा ग्राहकाला पाठवून द्यायचो. वाचायलाही सवड नसायची, खरं सांगायचं तर.

पण मेल खरी आहे ना, हे पाहिलंत का? खऱ्या मेलमध्ये एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर असतो, तारीख आणि वेळ असते, फाईलचं नाव असतं, बहुतेक वेळा पोर्ट नंबरही असतो (तो काय, ते पुढे सांगते). पैसे मागितलेले नसतात. 'अमुक रक्कम भरा, प्रकरण मिटवू' असं म्हणून क्यूआर कोड किंवा लिंक दिली असेल, तर तो भामटा आहे. त्याला उत्तर देऊ नका, १९३० वर फोन करा. शंका असेल तर बिलावरच्या नंबरवर फोन करून 'ही तुमचीच मेल का?' एवढंच विचारा. मेलमधल्या नंबरवर नाही.

मेल खरी आहे असं धरू. तुम्ही इतकं सगळं लिहिलंत, पण फाईलचं नाव मात्र कळवलं नाहीत. मुलाने वाचून दाखवलं नाही की तुमचं लक्ष गेलं नाही, कोण जाणे. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुन्या तबकड्यांच्या मराठी संग्रहामागे कोणी माणसं बसवली असतील, यावर माझा विश्वास बसत नाही. अशा तक्रारी मी पाहिल्या त्या बहुतेक नव्या सिनेमांच्या गाण्यांच्या. तेव्हा ती मेल तुमच्या गाण्यांबद्दलच आहे, हे कशावरून? वेळही बघा. ती बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असेल, तीत साडेपाच तास मिळवायचे. २०:५० असेल तर आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं. तुम्ही झोपला असाल, पण लॅपटॉप जागा असेल तर टोरंट चालूच असतं. शेजारचा बारावीवाला जागा असेल तर तोही.

आता केबलवाल्याबद्दल. बिचाऱ्याने काही बघितलेलं नाही. टोरंट म्हणजे दुकानातून वस्तू आणणं नव्हे, ती भिशी आहे. फाईलचे तुकडे तुम्ही घेता आणि तुमच्याकडे आलेले तुकडे त्याच वेळी दुसऱ्यांना देताही. त्यासाठी प्रत्येकाचा आयपी पत्ता बाकीच्यांना दिसावाच लागतो. संगीत कंपन्यांनी नेमलेले लोक सरळ त्या भिशीत सामील होतात, कोण कोण आहे ते लिहून घेतात आणि तो पत्ता ज्या इंटरनेट कंपनीचा असेल तिला तक्रार धाडतात. त्यांच्या हातात फक्त आकडे असतात. ते आकडे म्हणजे लालबागचे अमुक काका, हे एकट्या इंटरनेट कंपनीला माहीत असतं. तिने तुम्हाला मेल पाठवली, एवढंच झालंय. तुमचं नाव तक्रारदाराला दिलं असं त्यातून निघत नाही. खाजगीपणाची खरी हद्द इथे आहे, आणि अजून ती कोणी ओलांडलेली दिसत नाही.

ती कोणी ओलांडू नये म्हणून जगात बरीच भांडणं झाली आहेत. अमेरिकेत २००३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने एका झटक्यात २६१ जणांवर दावे लावले. त्यात न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी निघाली. घरच्यांनी २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ही संघटना न्यायाधीशासमोर न जाता, न्यायालयाच्या कारकुनाकडून कागद काढून इंटरनेट कंपन्यांकडे नावं मागत होती. व्हेरायझन कंपनी त्याविरुद्ध लढली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जिंकली. नुसती वाहतूक करणाऱ्या कंपनीकडून अशा कागदावर नावं काढता येणार नाहीत, असं अपील न्यायालय म्हणालं. युरोपात गोष्ट आणखी पुढे गेली. बेल्जियममधल्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला इंटरनेट कंपनीकडून सगळ्या ग्राहकांची सगळी ये-जा गाळून घ्यायची होती, तीही कंपनीच्याच खर्चाने आणि कायमची. युरोपीय न्यायालयाने २०११ च्या नोव्हेंबरात नाही म्हणून सांगितलं. एका चोरीच्या गाण्यासाठी सगळ्यांच्या पिशव्या उघडायच्या नाहीत, असा त्याचा अर्थ मी घेते.

आपल्याकडचा सूर थोडा वेगळा आहे. १० एप्रिल २०१९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने पायरसीच्या साइट बंद करण्याचा निकाल देताना सरकारला एक सूचना केली: अशा साइट बघणाऱ्यांना मेलने किंवा पॉप-अपने ताकीद देण्याचं आणि तरीही ऐकलं नाही तर दंड करण्याचं धोरण करता येईल का, ते पाहावं. मला ही सूचना पटत नाही. ताकीद द्यायची तर कोण काय बघतंय ते आधी कोणीतरी बघत बसायला हवं. ते काम इंटरनेट कंपनीच्या गळ्यात पडलं, तर तुमच्या सुनेची भीती खरी ठरेल.

तेव्हा आता सूनबाईंसाठी. टॉवर झाल्यापासून तुमच्या गेटवर वॉचमनकडे वही असेलच. कोण आलं, किती वाजता, कुठल्या फ्लॅटला. आत गेल्यावर चहा झाला की भांडण, ते वहीत नसतं. इंटरनेट कंपनीचं साधारण तसंच आहे. ज्या साइटचा पत्ता 'https' ने सुरू होतो, म्हणजे ये-जा कुलूपबंद असते, आणि आज बहुतेक साइटचं तसंच असतं, तिथे कंपनीला साइटचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला-आला एवढं कळू शकतं. कुठलं पान उघडलं, शोधखिडकीत काय टाइप केलं, ते कळत नाही. पण म्हणून निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही. एकाच आजाराला वाहिलेली साइट असेल तर तिचं नावच पुरे बोलतं. रोज रात्री तीन वाजता एखाद्याच्या घरातून अशा साइटवर कोणी जात असेल, तर पान न वाचताही कहाणी कळते. अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, ते चालू केलं तर साइटचा पत्ता शोधताना होणारी विचारणा झाकली जाते आणि थोडा आडोसा होतो. पुरता नाही.

ही वही कंपनी हौसेने ठेवत नाही, परवान्याची अटच आहे. डिसेंबर २०२१ पासून दूरसंचार विभागाने ती कमीत कमी दोन वर्षं जपायला सांगितली आहे. पूर्वी एक वर्ष होतं. मुंबईत आयपी पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या एकाच पत्त्यावर अनेक घरं चालवतात. तुमच्या जुन्या चाळीचा पोस्टाचा पत्ता एकच होता ना? पाकिटावर खोली नंबर नसला की पत्र दुसऱ्याच सावंतांकडे जायचं. इथे पोर्ट नंबर म्हणजे खोली नंबर, आणि सेकंदापर्यंतची वेळही जुळावी लागते. तक्रारीत पोर्ट नसेल किंवा वेळ चुकली असेल तर चुकीच्या खोलीची कडी वाजते.

ही भीती मी उगाच दाखवत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी केल्याचा आरोप होता. आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनीने त्याचं नाव दिलं होतं. नाव चुकीचं निघालं, पण तोवर तो माणूस पन्नास दिवस तुरुंगात होता. तेव्हा 'आमच्याकडे नोंद आहे' असं कोणी ठणकावून सांगितलं की मला तो माणूस आठवतो.

वही कोण मागू शकतं? तपास करणारे पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागू शकतात, न्यायालय मागू शकतं, सरकारला माहिती तंत्रज्ञान कायद्यात वेगळे अधिकार आहेत. संगीत कंपनीने नुसतं पत्र पाठवलं म्हणून तुमचं नाव तिला देऊन टाकणं, हे यात बसत नाही. तिने न्यायालयात जावं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलंय. तेव्हा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला चार ओळींची मेल जरूर करा. त्याचं नाव साइटवर असतं. 'माझं नाव, पत्ता किंवा नोंदी या तक्रारीसंदर्भात कोणाला दिल्या का, दिल्या असल्यास कोणत्या आदेशावरून?' एवढंच विचारा. उत्तर गुळमुळीत येईल, पण तुमचा प्रश्न कागदावर राहील. त्या मेलमध्ये 'माझ्याकडून चूक झाली, क्षमा असावी' असलं काही लिहू नका. तुमच्या पिढीला ते लिहिल्याशिवाय पत्र पुरं झालं असं वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. फाईल कोणाची हेच ठाऊक नसताना कबुली कसली द्यायची?

कायद्याची बाजू मात्र झाकून ठेवणार नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, म्हणून 'काही होत नाही' हे तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं असेल तर ते मला मान्य नाही. दुसऱ्या बाजूने, आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातली एक गोष्ट ऐका. २०१६ मध्ये बंद केलेल्या साइट उघडल्या की एक भयंकर पाटी यायची: इथला मजकूर बघितला तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. लोकांची गाळण उडाली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, हक्कधारकाला बाधेल असं वाटप, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं हा आहे. आता टोरंटमध्ये वाटप आपोआप होतं, हे वर सांगितलंच. तुम्ही ऐकायला बसलात आणि यंत्राने तुमच्या नावावर वाटायला काढलं. तेव्हा आज लॅपटॉप उघडा आणि नातवाला सांगून टोरंटच्या यादीतली 'सीडिंग', म्हणजे वाटप, चालू असलेली प्रत्येक ओळ थांबवा.

आणि तुमचा तो संग्रह! यातलं किती खरोखर चोरीचं आहे, हा प्रश्न मला फार आवडला. तुम्ही विचारला नाहीत, तरी उत्तर देते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५० साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०११ ला मोकळी झाली. पण तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं होत नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि ते त्या कवीच्या किंवा संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतात. भास्करबुवा बखले गेले १९२२ ला, खाडिलकर १९४८ ला. म्हणजे खाडिलकरांचं पद, बखलेबुवांची चाल आणि बालगंधर्वांच्या आवाजातली १९५० च्या आधीची तबकडी हे सगळं तुम्ही खुशाल वाटा, गच्चीवर लाउडस्पीकर लावून वाटा. सोसायटीची तक्रार येईल, कॉपीराइटवाल्यांची नाही. देवल तर १९१६ लाच गेले. पण गदिमा १९७७ ला गेले, त्यांचे शब्द २०३७ सरेपर्यंत राखीव आहेत, तबकडी कितीही जुनी असो. भावगीतांचा कप्पा म्हणूनच जपून. ४० जीबीत दोन्ही प्रकार कालवलेले असणार. निवडायला बसलात तर पावसाळा सहज निघून जाईल, आणि मला वाटतं तुम्हाला ते काम आवडेल.

व्हीपीएनचं थोडक्यात. तुमची इंटरनेटवरची सगळी ये-जा झाकून दुसऱ्या एका कंपनीमार्फत नेणारी ती सेवा. वॉचमन नको म्हणून तुम्ही दुसरा वॉचमन ठेवताय, एवढाच फरक. इंटरनेट कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. २८ एप्रिल २०२२ ला सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने व्हीपीएन कंपन्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं. काही परदेशी कंपन्यांनी तेव्हा भारतातले सर्व्हर हलवले. सूनबाईंना मनःशांतीसाठी चांगलं, पैसे मोजून घेतलेलं व्हीपीएन हवं असेल तर जरूर घ्यावं. फुकटचं अजिबात नको. फुकट देणारा तुमची वही विकूनच पोट भरत असला तर? पण टोरंट चालू ठेवण्यासाठी घ्यायचं असेल, तर त्यात माझा सल्ला धरू नका.

आता त्या बारावीवाल्याकडे येते. काही राउटरमध्ये कुठल्या फोनवरून कुठल्या साइट उघडल्या याची यादी खरंच दिसते. तुमच्यात दिसते का ते मी सांगणार नाही, कारण तुम्ही ती बघू नये असं मला वाटतं. केबलवाला माझं बघतो का म्हणून रागावलात, आणि त्याच पत्रात त्या पोराचं बघता येईल का म्हणून विचारलंत. काका, ज्या दिवशी त्याला पासवर्ड दिलात त्या दिवशी तुम्ही त्याची इंटरनेट कंपनी झालात. त्याच्या वयाच्या मुलाच्या यादीत काय काय असेल याचा अंदाज तुम्हालाही आहे आणि मलाही. ते वाचल्यावर लिफ्टमध्ये त्याच्याकडे कसं बघाल?

वापर मात्र थांबवा. बहुतेक करारांत कनेक्शन घराबाहेर द्यायला मनाई असते, आणि उद्या काही झालंच तर पहिला प्रश्न आधार कार्डवाल्यालाच. राउटरचा पासवर्ड बदला, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून ठेवा. त्याला एकदम तोडून टाकायला नको, परीक्षा तोंडावर असेल. त्याच्या आईला सांगून त्यांच्या नावावर स्वस्तातलं कनेक्शन घेतलं तर सगळ्यांचाच प्रश्न सुटेल.

आधी फाईलचं नाव वाचा. नाट्यपदांचा संग्रह असेल तर मला कळवा, कुठली पदं मोकळी ते आपण बसून काढू. एखाद्या नव्या सिनेमाचा अल्बम असेल तर त्या मुलाला एकट्याला चहाला बोलवा, ती मेल त्याच्यापुढे ठेवा आणि तो काही बोलेपर्यंत तुम्ही गप्प राहा. सोसायटीच्या सेक्रेटरींना यातलं काही कळायला नको.